बेसिनच्या तुकड्यावरचे आबाजी

भर सभेत उठून उभं राहायची चंचलला काहीएक गरज नव्हती. पण मुलगी अकरावी सायन्सला गेली असेल, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा नुकताच दुसरा नंबर आला असेल आणि समोर भैयाजी बोलत असतील, तर बसून राहणं फार अवघड जातं. (पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. तो दरवर्षी ज्वालामुखीलाच मिळतो. मातीच्या ढिगातून फेस बाहेर आला की परीक्षकांना विज्ञान दिसतं.)

सभा खैरटोल्याच्या मच्छीमार संस्थेची होती. संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. म्हणून तलावाच्या पाळीवर एक काळा दगड बसवायचा, संस्था काढणाऱ्यांपैकी एकटेच उरलेले इस्तारीभाऊ, म्हणजे चंचलचे आबाजी, यांचा चेहरा त्यावर कोरायचा आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पडदा ओढायचा, असं ठरलं. एवढ्यावर चहा येऊन सभा संपली असती. पण अध्यक्ष भैयाजी उठले. असलं काम नागपूरलाच होतं आणि नागपूरवाले वेळ पाळत नाहीत, तेव्हा ऐन वेळी पाळीवरची जागा रिकामी दिसू नये म्हणून आपण स्वतःचा एक फ्लेक्स करून ठेवला आहे, असं त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितलं. फ्लेक्स जवळच होता. तो उलगडायला दोन माणसं लागली. त्यात भैयाजी काळा चष्मा लावून हात जोडून उभे होते, आणि मागे आपला तलाव म्हणून जे काही निळं पाणी दाखवलं होतं त्यातून एक डॉल्फिन उडी मारत होता. खैरटोल्याच्या तलावात रोहू आहे, कतला आहे, मरळ आहे. डॉल्फिन अजून कोणाच्या जाळ्यात आलेला नाही. फ्लेक्ससाठी लोखंडी फ्रेम तयार होती आणि ती सिमेंटमध्ये पक्की बसवायची होती. एकदा सिमेंटमध्ये बसलेला अध्यक्ष पुन्हा कोण उपटतो?

तेव्हा चंचल उठली. नागपूर कशाला, गडचिरोलीत अंकुशभाऊंच्या स्टुडिओत दगडावर फोटो कोरायची लेझर मशीन आली आहे, मी रोज कॉलेजला तिकडेच जाते, मी करून आणते, असं ती एका दमात बोलून गेली. त्यातले शेवटचे तीन शब्द तेवढे जास्तीचे होते. भैयाजींनी नेमके तेच पकडले आणि इतिवृत्तात लिहून घेतलं, की कुमारी चंचल यांनी जबाबदारी घेतली असून पंचवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत दगड न आल्यास अध्यक्षांचा फ्लेक्स कायमस्वरूपी लावण्यात यावा.

म्हणजे प्रश्न एकदम सोपा झाला. पाळीवर एक तर आबाजी राहणार, नाही तर भैयाजी आणि डॉल्फिन. आणि दोघांच्या मधे चंचलची इज्जत.

आबाजी सभेला नव्हते, ते तलावावर होते. घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "मले पाह्याचं असन त मी रोज पाळीवरच असतो. गोट्यात काऊन पाह्याचं?" हा प्रश्न त्यांच्याखेरीज कोणालाच पडला नव्हता.

आता दगड. हल्ली जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात स्वयंपाकाला ग्रॅनाइटचा ओटा असतो, ओट्यात बेसिन असतं, आणि बेसिनसाठी भोक पाडलं की चांगला हातभर लांबीचा काळाभोर, चकचकीत तुकडा मोकळा पडतो. असे तुकडे ग्रॅनाइटवाल्याच्या भिंतीशी रांगेने उभे असतात आणि तो ते आनंदाने देऊन टाकतो. चंचलचे बाबा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले धनराज गुरुजी, यांना हे रुचलं नाही. ज्या भोकात लोक खरकटी भांडी विसळतात त्यातून निघालेल्या दगडावर आपल्या वडिलांचा चेहरा येणार, ही गोष्ट त्यांना दोन दिवस जेवताना आठवत राहिली. चंचलने सांगितलं, की बाबा, भोक ते नेतात, आपण दगड आणतो. गुरुजींनी यावर विचार करतो म्हटलं आणि अजून करत आहेत.

अंकुशभाऊंच्या दुकानाचं नाव 'स्वाती फोटो स्टुडिओ अँड लेझर आर्ट'. स्वाती त्यांची बायको. तिचा दुकानाशी संबंध नावापुरता आहे, आणि ती शहाणी असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. अंकुशभाऊ पासपोर्ट फोटो काढतात, लग्नाचे अल्बम करतात, कबड्डीच्या ढाली कोरतात, आणि काही बिघडलं की वोल्टेजला दोष देतात. फोटो वाकडा आला, वोल्टेज. नाव चुकीचं छापलं, वोल्टेज. एकदा त्यांनी नवरदेवाच्या अल्बममधे दुसऱ्याच लग्नातली नवरी लावली होती, तेव्हाही सकाळपासून लाइट कमी-जास्त होत होती म्हणे.

पहिला दगड दोन दिवसांत तयार झाला. चंचलने तो पोत्यात गुंडाळून एसटीने घरी आणला. अंगणात आबाजी सोडून सगळे जमले, पोतं काढलं. दगडावर एक काळं डोकं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्याफट्ट, त्यांच्याभोवती काळोख, आणि मागची भिंत चांदण्यासारखी लखलखीत. शेजारच्या सोनीबाई, म्हणजे आबाजींच्या धाकट्या भावाची, पोचूची, बायको, पुढे येऊन नीट बघून गेल्या आणि म्हणाल्या, की कोंबड्यांच्या खुराड्याशी ठेवा, मांजर येणार नाही.

चूक चंचलला लगेच कळली, आणि ती कळल्याचा तिला थोडा जास्तच आनंद झाला. लेझर काही रंग लावत नाही. ती दगडाच्या गुळगुळीत पाठीवर बारीक ठिपके जाळते, आणि काळ्या दगडावर जळलेला ठिपका पांढरट उठतो. कागदावर जिथे काळं छापतात तिथे दगडावर पांढरं होतं. म्हणून फोटो आधी उलटा करून घ्यायचा असतो, जुन्या रोलच्या निगेटिव्हसारखा. अंकुशभाऊंनी तो सरळच घातला होता. दुसऱ्या दिवशी तिने हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आजकाल वोल्टेजचा भरवसा राहिला नाही असं सांगितलं.

दुसऱ्या दगडावर फोटो उलटा करून घेतला. पण फोटो होता संस्थेच्या ओळखपत्रावरचा, तो सचिवांनी मोबाईलवर काढून बाबांना पाठवलेला, बाबांनी चंचलला आणि चंचलने अंकुशभाऊंना. प्रत्येक हाताने त्याचा थोडा थोडा जीव घेतला होता. दगडावर आबाजी चौकोनाचौकोनाचे उमटले, न्हाणीघराच्या फरशीसारखे. सोनीबाईंनी मान कलती केली, एक डोळा मिटला, चार पावलं मागे गेल्या आणि तिथून बरा दिसतो म्हणाल्या. बाकी काही असो, गोरा मात्र झाला, असंही त्यांनी जोडलं. मग त्या तो दगड लोणच्याच्या बरणीवर ठेवायला घेऊन गेल्या. बरणीवर चौकोनी आबाजी उताणे पडून अजून तिथे आहेत.

तिसऱ्या वेळी अंकुशभाऊ स्वतः खैरटोल्याला आले आणि चांगल्या कॅमेऱ्याने आबाजींचा फोटो काढून गेले. या वेळी चौकोन गेले आणि पट्टे आले. कपाळापासून हनुवटीपर्यंत आडव्या रेघा, जणू आबाजी खिडकीच्या जाळीआडून बघत आहेत. शिवाय उजवा कान टकटकीत आणि डावा कान धुक्यात. रेघा कशाच्या म्हणून चंचलने मशीन उघडायला लावली, तर आतला पट्टा बैलाच्या मानेखालच्या कातड्यासारखा लोंबत होता. कान धुक्यात का, तर तुकडा खालून ओबडधोबड, म्हणून अंकुशभाऊंनी एका बाजूने त्याच्याखाली लग्नपत्रिका घडी करून सरकवली होती. एक बाजू वर, एक खाली. वरच्या बाजूला नेम बरोबर, खालच्या बाजूला चुकलेला. त्या पत्रिकेवर कोणाचा शुभविवाह होता कोण जाणे, आबाजींचा कान मात्र त्यात गेला.

एव्हाना गावात प्रत्येक माणूस लेझरमधला जाणकार झाला होता. कोणी म्हणालं दगड उन्हात तापवून न्या. कोणी म्हणालं रात्रभर तलावात बुडवून ठेवा. पोचूभाऊंनी तर मशीनपेक्षा छिन्नी बरी असा निर्वाळा दिला. त्यांनी आयुष्यात छिन्नी धरलेली नाही. भैयाजी संध्याकाळी फिरत फिरत यायचे, चंचलच्या पाठीवर थाप मारायचे आणि पोट्टी मेहनत भल्ली करून राह्यली, असं कौतुक करायचे. त्या कौतुकाने तिच्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा, तो गणितात मांडता आला असता तर पूर्ण गुण मिळाले असते.

इकडे गुरुजींच्या वाट्याला परवानगी आली होती. पाळ सरकारी, तेव्हा तिथे दगड बसवायला ना हरकत पाहिजे. कोणत्या कार्यालयाची ते सांगत नाही, कारण गुरुजींना पुढेही नोकरी करायची आहे. तिथल्या बाबूंनी अर्ज पुढे सरकवला. त्यात तीनच रकाने होते: स्मारक, कोनशिला, सूचना फलक. कोनशिलेला उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याचं नाव लागत होतं. स्मारकाला मृत्यूची तारीख. गुरुजींनी तिथे स्वच्छ अक्षरात 'लागू नाही' लिहिलं. बाबूंनी तो रकाना असा सोडता येत नाही, दाखला जोडावा लागतो, असं सांगितलं. गुरुजींनी तीस वर्षं मुलांना रकाना सोडू नये असंच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना उलट बोलता येईना. दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून त्यांनी आबाजींनाच नेऊन टेबलासमोर उभं केलं. बाबूंनी आबाजींकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं आणि पुन्हा मृत्यूचा दाखला मागितला.

आबाजी म्हणाले, "आणतो जी. पण थोडं थांबा लागन."

बाबू किती थांबायचं ते विचारणार होते, एवढ्यात गुरुजींनी घाईघाईने तिसऱ्या रकान्यावर खूण केली. सूचना फलकाला मंत्री लागत नाही की मरण लागत नाही. फक्त त्यावर एक सूचना असावी लागते. म्हणून आबाजींच्या चेहऱ्याखाली 'संस्थापक सभासद' आणि त्याखाली 'पाणी खोल आहे. पोहू नये.' एवढा मजकूर कोरायचं ठरलं आणि कागदावर शिक्का बसला. चेहरा आणि मजकूर एकत्र वाचला तर आबाजीच कोणाला तरी दम देत आहेत असं वाटतं. पण शिक्का बसला, हे महत्त्वाचं.

चौथ्या दगडासाठी पट्टा ताणला, लग्नपत्रिका काढली, खाली सपाट पाट घेतला. आता काही चुकायला जागा नव्हती, म्हणूनच सोनीबाईंना जागा सापडली. तीन दगड वाया गेले ते पूजा न केल्यामुळे, हे त्यांनी आधीच ताडलं होतं. चंचल आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी चौथ्या तुकड्याला पाचही बोटांनी तेल-हळद माखली, पाया पडल्या आणि वरून फडकं मारून ठेवलं. काळ्या चकचकीत दगडावर पुसलेलं तेल दिसत नाही. तिकडे अंकुशभाऊंनाही त्याच दिवशी तीच बुद्धी झाली. त्यांनी मशीनवर नारळ फोडला, आणि अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवून मशीनच्या आत, बरोबर भिंगाच्या खाली, खोवला. चंचल तेव्हा कॉलेजात प्रकाशाचं अपवर्तन शिकत होती. शिकून आली तोवर भिंगावर धुराची साय धरली होती.

त्या दगडावर आबाजी जेमतेम दिसत होते, पण गालावर पाच बोटं अगदी ठसठशीत उठली होती. जणू संस्थेच्या पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल कोणी त्यांच्या थोबाडीत दिली आहे. सोनीबाईंनी बोटं मोजली, स्वतःच्या हाताशी ताडून पाहिली आणि देवाने कौल दिला असं जाहीर केलं. कसला कौल, ते देवाला आणि त्यांनाच ठाऊक. चंचलने त्या दिवशी जेवण केलं नाही. आईने कारण विचारलं तर, या गावात विज्ञानाला भविष्य नाही, एवढंच तिने सांगितलं. आईने बरं म्हणून ताट झाकून ठेवलं.

तारीख बावीस झाली होती.

पाचव्या तुकड्याच्या वेळी ती कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. दगड स्वतः स्पिरिटने पुसला. भिंग कापसाने पुसलं, कापूस चहाच्या रंगाचा निघाला, तो अंकुशभाऊंच्या नाकासमोर धरला. चारही कोपऱ्यांचं अंतर पट्टीने मोजलं. दगडाच्या कडेला आधी नखाएवढे चौकोन कमी-जास्त ताकदीवर जाळून पाहिले आणि त्यातला सगळ्यात साफ निवडला. दुकानात अगरबत्तीला बंदी केली. मशीन तीन तास चालली. धूळ झटकली, आणि सदऱ्याचं बटण दिसलं. बटणाची चार भोकं दिसली. दोन्ही कान, कानावरचे केससुद्धा. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथे आबाजी असायला हवे होते तिथे, एक फुगलेली पांढरी पुरी होती. दोन डोळे होते म्हणून पुरी म्हणायचं नाही इतकंच. मिशी विरघळली होती. नाक तर नव्हतंच.

अंकुशभाऊंनी छताकडे, म्हणजे लाइटच्या दिशेने, पाहिलं. चंचलने त्यांना तो शब्द उच्चारू नका असं सांगितलं.

चोवीसला ती कॉलेजला गेलीच नाही. स्टुडिओच्या पायरीवर बसली आणि पाचही दगडांचे मोबाईलमधले फोटो एकामागून एक सरकवत राहिली. एकात भूत, एकात फरशी, एकात जाळी, एकात थोबाडीत, एकात पुरी. प्रत्येकाचा दोष निराळा. पण नाक? नाक पहिल्यात नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात नव्हतं. आबाजींचं नाक काही दुर्लक्ष करण्यासारखं नाही, ते खोलीत त्यांच्या आधी येतं. पट्टा ताणला, भिंग पुसलं, दगड बदलले, फोटोसुद्धा बदलला आणि नाक पाचही वेळा गायब. म्हणजे चोर मशीनमधे नव्हताच. तो मशीनच्या आधी कुठेतरी बसला होता. आणि आपण, प्रदर्शनातला दुसरा नंबर, पंधरा दिवस मशीनचं पोट तपासत राहिलो. ज्वालामुखीवाली मुलगीसुद्धा इतकी मूर्ख नसेल, असं तिला वाटून गेलं. मग नसेल असं नाही, असं तिने ठरवलं आणि ती आत गेली.

तिने अंकुशभाऊंना सगळं पहिल्यापासून आपल्यासमोर करायला सांगितलं. त्यांनी फोटो उघडला. तो पडद्यावर पूर्ण उघडायच्या आत त्यांचं एक बोट कीबोर्डच्या वरच्या रांगेत गेलं आणि टक् करून परत आलं.

"हे काय दाबलं, अंकुशभाऊ?"

"काही नाई. फोटो उघडला."

"त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर का?" अंकुशभाऊ खरोखर गोंधळले. "ते त असंच असते."

ते टक् रद्द करायला लावलं तेव्हा पडद्यावर आबाजी आले. काळे, सुरकुतलेले, नाकासकट. ती कळ दाबली की चेहरा उजळायचा. दाबली, गोरे. रद्द केली, आबाजी. अंकुशभाऊंनी बारा वर्षांपूर्वी ही सोय करून ठेवली होती, आणि तेव्हापासून दुकानात आलेला प्रत्येक चेहरा त्या कळीखालून गेला होता. बोटाला इतकी सवय झाली होती की बोटाच्या मालकाला पत्ता नव्हता. कागदावर ते खपून जायचं, कागद उरलीसुरली सावली सांभाळून घेतो. दगडाकडे तेवढी मुरवत नसते. तुम्ही नाकाची सावली पुसून दिली तर तो नाक कोरत नाही.

चंचल रागाने बोलायला लागली तर अंकुशभाऊंनी हात वर केला. "इथी कोणी आपला रंग न्यायले येत नाई, चंचल. एकदा एकाले जसाच्या तसा फोटो देल्ला होता मी. तो भांडून गेला, का हा मी नोहो, माहा भाऊ होय."

चंचलचा हात पाकिटाकडे गेला. कारण तिचा स्वतःचा दहावीचा फोटो याच दुकानातला होता. परीक्षेला बाईंनी हॉलतिकीट हातात घेऊन तिच्याकडे दोनदा पाहिलं होतं आणि खरी चंचल कुठे आहे असं विचारलं होतं. तेव्हा सगळा वर्ग हसला होता आणि तीही हसली होती. तो फोटो तिला फार आवडायचा. अजूनही पाकिटात आहे. किंवा त्या दुपारपर्यंत होता.

पंचवीसच्या सकाळी तिने आबाजींचा फोटो स्वतः काढला. आबाजी पाळीवर जाळं सांधत बसले होते, ऊन कोवळं आणि एका बाजूने होतं. सांधता सांधता त्यांनी कोण आहे म्हणून मान वर केली, तेवढ्यात तिने काढला. ग्रॅनाइटवाल्याकडे भिंतीशी एकच तुकडा उरला होता. अंकुशभाऊंच्या उजव्या हातात तिने चहाचा गरम ग्लास दिला आणि सगळं होईपर्यंत खाली ठेवू दिला नाही.

मशीन चालू झाली. नेहमी सरसर जाळत जाणारी मशीन या वेळी लांब लांब जागा नुसतीच ओलांडायची, मधेच चार ठिपके टाकायची, पुन्हा पुढे. अंकुशभाऊंना वाटलं लेझरची नळी गेली. "काहीच करून नाई राह्यली ना ते," असं ते तीनदा म्हणाले. ती करत होती, पण तिला करायला फारसं नव्हतं. मिशी, भुवया, डोळ्यांतली चमक, नाकाच्या एका कडेवरचं ऊन, कपाळावरच्या आठ्यांचे काठ आणि खालचा सूचनेचा मजकूर, एवढंच तिने जाळलं. बाकीचे आबाजी दगडात आधीपासूनच होते, रंगासकट. दीड तासात काम झालं. धूळ अंकुशभाऊंनी डाव्या हाताने पुसली. मग हळूच म्हणाले, की वोल्टेज आज चांगलं होतं.

चंचल चारच्या एसटीने उतरली तेव्हा भैयाजींनी पाळीवर खड्डा खणून सिमेंट कालवून ठेवलं होतं आणि लोखंडी फ्रेम उभी करायला माणसं बोलावली होती. गुरुजींनी इतिवृत्ताची नक्कल खिशातून काढून संध्याकाळ म्हणजे किती वाजेपर्यंत ते वाचून दाखवलं. तिथे वेळ लिहिलेली नव्हती, पण गुरुजींनी ती वाचली. कालवलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून त्याच खड्ड्यात दगड बसला आणि त्यावर पिवळं कापड पडलं.

सव्वीसला झेंडा झाला. भैयाजींनी भाषण केलं. त्यात संस्थेची पहिली पंचेचाळीस वर्षं दोन वाक्यांत आणि त्यांची पाच वर्षं पाऊण तासात झाली. मग कापड ओढलं. मंडळी पुढे सरकली, आणि हळूहळू कुजबूज सुरू झाली. भैयाजींनी चष्मा कपाळावर नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आहे त बरा. पण कारा भल्ला दिसते. जरासा उजळ पाह्यजे होता."

चंचलकडे याचं उत्तर तयार होतं. एकूण अकरा वाक्यं होती, त्यात अपवर्तन होतं, डॉल्फिन होता, आणि बारा वर्षं एकच कळ दाबणाऱ्या बोटाचाही उल्लेख होता. तिने श्वास घेतला.

तेवढ्यात सोनीबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन गर्दीतून दगडासमोर आल्या. आधीचे पाचही दगड त्यांनी उघड्या डोक्याने, कंबरेवर हात ठेवून पाहिले होते आणि प्रत्येकावर सल्ला दिला होता. आताही सल्ल्यासाठी त्यांचं तोंड अर्धं उघडलं होतं. त्यांनी मान वर करून पाहिलं. दगडातून आबाजी, कोण आलं म्हणून बघावं तसे, बघत होते. ताट डाव्या हातात गेलं, उजव्या हाताने डोक्यावरचा पदर झर्रकन कपाळापर्यंत ओढला, आणि त्या नजर खाली घालून दोन पावलं बाजूला सरकल्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, त्या वेगळ्या कशाही उभ्या राहिलेल्या नाहीत.

भैयाजींचा चष्मा आपोआप खाली आला. चंचलने घेतलेला श्वास तसाच सोडून दिला.

खरे आबाजी सोनीबाईंच्या बरोबर मागे उभे होते. त्यांच्याकडे सोनीबाईंची चक्क पाठ होती. धाकट्या भावाच्या बायकोशी भासरा सरळ बोलत नाही, म्हणून शेवटी ते नातीकडे वळले.

"चंचल," ते म्हणाले, "तिले सांग, मी इकडं उभा आहो."